फौजीच्या घरासाठी मनोपचारक कसा घडवावा?

१. सर्वसामान्यांचा प्रश्न

मन तर सगळ्यांचे सारखेच असते, मग सैनिकाच्या मनावर उपचार करण्यासाठी डॉक्टरांना आणखी वेगळे काय शिकावे लागते, असा प्रश्न या विषयाशी प्रथमच परिचय होणाऱ्या वाचकाला पडणे अगदी स्वाभाविक आहे. या प्रश्नात तथ्यही आहे. झोप उडणे, चिडचिड वाढणे, माणसांत मिसळणे नकोसे होणे, दारूचे प्रमाण वाढणे ही लक्षणे शेतकऱ्यात, शिक्षकात आणि सैनिकात बऱ्याच अंशी सारखीच दिसतात आणि त्यांवरील औषधेही बहुधा तीच असतात. असे असूनही वेगळ्या प्रशिक्षणाची गरज उरते. एखादे लक्षण कोणत्या आयुष्यातून उगवले, रुग्ण ते कोणापुढे कबूल करील, घरातले कोण त्याला साथ देईल आणि तो उपचार मध्येच का सोडील, या चार गोष्टी सैनिकाच्या बाबतीत इतरांपेक्षा निराळ्या असतात. मोसंबीच्या बागेत पान पिवळे पडले की जाणता बागायतदार लगेच पानावर फवारणी करत नाही. पाणी जास्त झाले, अन्नद्रव्य कमी पडले की मूळ कुजले, हे तो आधी बुंध्याशी उकरून पाहतो, कारण पान सारखेच पिवळे दिसले तरी तिन्हींचे उपाय वेगळे असतात. मनोपचारकाला हेच बुंध्याशी उकरून पाहणे शिकवणे, हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय मांडण्याला कारण आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याचा लष्कराशी संबंध जुना आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आजच्या भोकरदन तालुक्यात झाली आणि पुढे इंग्रजी अमदानीत जालना हे छावणीचे गाव होते. आजचा संबंध मात्र छावणीचा नसून घरांचा आहे. गावाकडचा तरुण भरतीत उतरतो, बेळगावला, सागरला, नाशिकरोडला किंवा खडकीला प्रशिक्षण घेतो, सीमेवर सेवा करतो आणि चाळिशीच्या आसपास पुन्हा त्याच गावी परततो. त्याचे आईवडील, पत्नी आणि मुले या सगळ्या काळात बहुधा गावीच असतात. म्हणून त्याच्या मनाची किंवा त्याच्या कुटुंबाची तक्रार लष्करी रुग्णालयाऐवजी अंबड, परतूर किंवा मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे फौजेची ओळख नसलेल्या माणसापुढे, पहिल्यांदा येण्याची शक्यता अधिक असते.

२. मनोपचारक म्हणजे कोण कोण?

प्रशिक्षण कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी या क्षेत्रात काम करणाऱ्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि संवादाच्या ठरावीक पद्धतींनी, म्हणजे मानसोपचाराने, उपचार करतो. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता रुग्णाचे घर, नोकरी, पैसा आणि हक्क यांच्या बाजूने अडचण सोडवतो, तर मनोविकार परिचारिका औषधोपचार आणि पाठपुरावा सांभाळते. १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या चौघांचे पथक जिल्ह्याच्या पातळीवर असावे अशी कल्पना आहे.

या पथकावर किती भार आहे, हे एका साध्या हिशेबाने समजते. भारतात दर एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत असे मानले जाते, तर अपेक्षित प्रमाण तीन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६, म्हणजे सुमारे साडेएकोणीस लाख होती. देशाच्या सरासरीने हिशेब केला तर जिल्ह्याच्या वाट्याला पंधराच्या आत मनोविकारतज्ज्ञ येतात आणि अपेक्षित प्रमाणाने जवळजवळ साठ हवेत. तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटतात हे लक्षात घेतले, तर ग्रामीण जिल्ह्याला सरासरीइतकेही मिळत नाहीत.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. सैनिक कुटुंबांसाठी स्वतंत्र तज्ज्ञांची फळी उभी करणे जालन्यासारख्या जिल्ह्यात शक्य नाही. जे लोक आधीच कामावर आहेत, त्यांनाच हे जादा कौशल्य देणे शक्य आहे. म्हणून या प्रशिक्षणाचा विचार मनोविकारतज्ज्ञापासून आशा सेविकेपर्यंत, प्रत्येकाच्या कामाला पुरेल तेवढा आणि पायरीपायरीने करावा लागतो.

३. पहिला धडा : पलटणीची घडी

पलटण ही नोकरीच्या जागेपेक्षा बरेच काही असते. तिथे माणूस कधी उठतो, काय खातो, कोणाला सलाम करतो, कोणाशेजारी झोपतो आणि कोणाच्या भरवशावर जीव टाकतो, हे सगळे ठरलेले असते. शिपाई, नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार ही हुद्द्यांची उतरंड माहीत नसलेला समुपदेशक सुभेदाराला शिपायासारखे वागवतो आणि पहिल्याच भेटीत विश्वास गमावतो. गावाकडे सगळ्याच फौजींना आदराने ‘मेजर’ म्हणण्याची पद्धत आहे. त्या आदराचा आधार जरूर घ्यावा, पण खरा हुद्दा, पलटण आणि काम विचारून घ्यावे, कारण रसोई सांभाळणारा, सिग्नलवर बसणारा आणि नियंत्रण रेषेवर गस्त घालणारा या तिघांचे अनुभव एकसारखे नसतात.

या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सैनिक त्रास का लपवतो हे समजणे. लष्करात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ठरवली जाते. तिचे पाच घटक पाच इंग्रजी आद्याक्षरांनी दर्शवले जातात आणि त्यांचा मिळून ‘शेप’ असा संक्षेप होतो. ‘एस’ म्हणजे मानसिक स्थिती, ‘एच’ म्हणजे श्रवण, ‘ए’ म्हणजे हातपाय, ‘पी’ म्हणजे शारीरिक क्षमता आणि ‘ई’ म्हणजे दृष्टी. प्रत्येकापुढे आकडा असतो आणि एक हा आकडा पूर्ण तंदुरुस्ती दाखवतो. श्रेणी खाली आली की नेमणुकीवर आणि बढतीवर परिणाम होऊ शकतो. गुडघा दुखावल्याने श्रेणी खाली गेली तर सहकारी सहानुभूती दाखवतात. पहिल्या अक्षरापुढचा आकडा बदलला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती मोठी असते. पंधरा-सतरा वर्षे ही धास्ती मनात बाळगलेला माणूस निवृत्तीनंतरही ती सोडत नाही. तो डोके, पोट, पाठ यांच्या तक्रारी सांगतो आणि मनाविषयी विचारले की ‘सब ठीक है, साहेब’ म्हणून मोकळा होतो.

म्हणून गोपनीयतेचा नियम पहिल्या भेटीतच, साध्या शब्दांत सांगणे हे कौशल्य म्हणून शिकवावे लागते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगी त्याला अपवाद आहे. ‘इथे झालेले बोलणे तुमच्या परवानगीशिवाय गावात, पलटणीत किंवा पेन्शनच्या कार्यालयात जाणार नाही. जिवाला धोका दिसला तरच मला इतरांची मदत घ्यावी लागेल,’ ही दोन वाक्ये माजी सैनिकाच्या बाबतीत औषधाइतकेच काम करतात.

४. दुसरा धडा : घराचे कॅलेंडर

सैनिकाला साधारणपणे वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळू शकते, म्हणजे सगळी रजा पदरात पडली तरी ९० दिवस. एखादे मूल जन्मल्यापासून दहा वर्षे गावीच वाढले आणि कुटुंबाला फॅमिली क्वार्टर मिळाले नाही असे धरले, तर वडील त्याच्यासोबत जास्तीत जास्त ९०० दिवस, म्हणजे जेमतेम अडीच वर्षे घरात असतात. उरलेली साडेसात वर्षे ते मोबाइलवरचा आवाज असतात. हा हिशेब करून दाखवला की निवृत्तीनंतर वडिलांनी दिलेली साधी आज्ञा दहा वर्षांच्या मुलाला परक्याची का वाटते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकी लष्करातील वैद्यकीय तज्ज्ञांनी २००१ मध्ये तैनातीच्या काळात कुटुंबाच्या भावनांचे पाच टप्पे मांडले : निघण्याआधीचा काळ, निघाल्यानंतरचे पहिले आठवडे, एकट्याने निभावण्याचा दीर्घ काळ, परतीच्या आधीची ओढ आणि परतल्यानंतरची पुनर्जुळणी. वाचणाऱ्याला परतीचा टप्पा सर्वांत सुखाचा वाटेल, पण अनेक घरांत ताण तिथेच उफाळतो. जालन्यातील शेतकरी घराचे उदाहरण घेतले तर कारण स्पष्ट होते. नवरा सीमेवर असताना बायकोने बियाणे आणले, पीकविमा भरला, कापूस कोणत्या जिनिंगवर घालायचा हे ठरवले, सासऱ्यांचे दवाखाने केले आणि मुलांच्या शाळेचे पाहिले. तो परतल्यावर त्याला वाटते की घराची धुरा आता आपली. तिला वाटते की इतकी वर्षे आपण चालवलेले घर आपल्याला न विचारता चालवले जात आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी एकाला ‘रुग्ण’ ठरवण्याऐवजी दोघांना समोर बसवून कोणता निर्णय कोणाचा, याची उघड वाटणी करून देणे, हा उपचाराचाच भाग असतो आणि तो करण्याची रीत मनोपचारकाने शिकून घ्यायची असते.

या कॅलेंडरात आणखी एक रकाना असतो, तो जमिनीचा. भारतीय सैनिकाच्या ताणामागे लढाईइतकीच घरची भांडणे आणि जमिनीचे वाद असतात, ही गोष्ट सरकारनेही संसदेत वेळोवेळी मांडली आहे. भावकीने बांध कोरला, वाटणीचा दावा पडला किंवा रस्ता अडवला, आणि फौजी दोन हजार किलोमीटरवर असला, तर त्याच्या निद्रानाशाचे मूळ सातबाऱ्यात सापडते. म्हणून सामाजिक कार्यकर्त्याला थोडे कायद्याचे ज्ञान हवे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याच्या गैरहजेरीत पुढे रेटला जाऊ नये, यासाठी १९२५ पासून कायद्याची तरतूद आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार साहाय्य योजना सुरू करून सैनिक कल्याणाच्या कार्यालयांमार्फत सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत देण्याची सोय केली आहे. झोपेच्या गोळीबरोबर हा पत्ता हातात ठेवणारा मनोपचारक सैनिकाच्या घरात लवकर आपला होतो.

५. तिसरा धडा : आघात ओळखणे, पण प्रत्येक दुखण्याला आघात न म्हणणे

युद्धाने मन जखमी होते ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केली. पहिल्या महायुद्धात तोफखान्याच्या माऱ्यात सापडलेल्या सैनिकांना थरकाप, मुकेपणा, विस्मरण असे त्रास होऊ लागले, तेव्हा चार्ल्स मायर्स या ब्रिटिश तज्ज्ञाने १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ या नावाने त्यांचे वर्णन केले. त्याच युद्धात मराठा पलटणीही होत्या. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, त्यांनी उपासमार आणि शरणागती दोन्ही भोगल्या. ‘आघातोत्तर ताणविकार’ हे स्वतंत्र निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात यायला मात्र १९८० साल उजाडावे लागले.

या विकाराची लक्षणे चार गटांत पाहिली की लक्षात राहतात. पहिला गट पुनरनुभवाचा : नको असताना घटना डोळ्यांपुढे येणे, तीच स्वप्ने पडणे. दुसरा गट टाळण्याचा : ती जागा, तो विषय, ती माणसे चुकवणे. तिसरा गट विचार आणि भावना बदलण्याचा : कशातच आनंद न वाटणे, स्वतःला दोष देणे, जगावरचा विश्वास उडणे. चौथा गट सततच्या सावधपणाचा : झोप न लागणे, बारीक आवाजाने दचकणे, लगेच राग येणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर निदानाचा विचार केला जातो. दिवाळीत फटाके सुरू झाले की घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसणारा किंवा लग्नाच्या मांडवात नेहमी भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसणारा माजी सैनिक अनेकांनी पाहिलेला असतो. त्याला तिरसट ठरवण्याआधी हा चौथा गट आठवावा, एवढे तरी प्रशिक्षणातून साधले पाहिजे.

यापुढची संकल्पना ‘नैतिक जखम’ ही आहे. व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ती मांडली. भीतीमुळे झालेली जखम आणि जे योग्य वाटत होते त्याच्या विरुद्ध वागावे लागल्याने किंवा जोडीदाराला वाचवता न आल्याने झालेली जखम या दोन वेगळ्या आहेत. पहिल्या जखमेत माणूस घाबरलेला असतो, तर दुसरीत तो शरमेने आणि अपराधीपणाने पोखरलेला असतो. अशा माणसाला ‘तुमची काही चूक नव्हती’ असे पटकन सांगितले तर त्याचे समाधान होत नाही, उलट समोरच्याला आपले कळलेच नाही अशी त्याची खात्री होते. त्याचे पूर्ण ऐकून घेणे आणि भरपाईच्या, सेवेच्या किंवा श्राद्धस्मरणाच्या मार्गाने त्याला पुन्हा माणसांत आणणे ही हळू चालणारी वाट आहे.

इतके सांगितल्यावर सावधगिरीही शिकवायला हवी. बहुसंख्य सैनिकांना आघातोत्तर विकार होत नाही आणि गणवेश पाहताच ते निदान चिकटवणे हा अन्यायच आहे. नैराश्य, दारूचे व्यसन, डोक्याला पूर्वी लागलेला मार, थायरॉइड, मधुमेह, निवृत्तीनंतर मानाची जागा गेल्याची बोच ही कारणे तितकीच शोधावी लागतात. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी वापरता येते; एकूण ४० पैकी आठ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे धरून पुढची चौकशी केली जाते. फौजेत रम मिळते आणि निवृत्तीनंतरही कॅन्टीनमधून स्वस्तात मिळते, त्यामुळे हा प्रश्न उपदेशाचा सूर न लावता, रक्तदाब विचारावा तितक्या सहजपणे विचारायचा असतो.

६. चौथा धडा : विचारण्याची रीत

समजा, एक्केचाळीस वर्षांचा एक निवृत्त हवालदार भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात पोटात जळजळ होते म्हणून तिसऱ्यांदा आला आहे आणि डॉक्टरांनी त्याला सामाजिक कार्यकर्त्याकडे पाठवले आहे. प्रशिक्षण न घेतलेली व्यक्ती बहुधा अशी सुरुवात करील : ‘दारू पिता का? टेन्शन घेता का? बॉर्डरवर किती जण मारले?’ पहिल्या प्रश्नाने तो आरोपी होतो, दुसऱ्याने दुबळा ठरतो, आणि तिसरा प्रश्न तर कोणत्याही माजी सैनिकाला कधीही विचारू नये, कारण उत्तर ‘काही नाही’ असले तर तो त्याचा अपमान ठरतो आणि दुसरे काही असले तर न मागता जखम उघडली जाते.

प्रशिक्षित कार्यकर्ती वेगळ्या वाटेने जाते. ‘हवालदार साहेब, कोणत्या पलटणीत होता? शेवटची पोस्टिंग कुठे झाली? घरची मंडळी सोबत होती का?’ इथे उत्तर देणारा जाणकार असतो आणि विचारणारी शिकणारी असते, त्यामुळे त्याची मान ताठ राहते. मग ती घराकडे वळते : ‘गावी येऊन किती दिवस झाले? शेतीचे कोण बघतं? पोरांशी जमतं का?’ त्यानंतर शरीराकडे : ‘रात्री किती वाजता जाग येते? जाग आल्यावर काय करता?’ आणि शेवटी : ‘बऱ्याच फौजींना जुन्या गोष्टी रात्री आठवतात. तुमचं तसं होतं का? सांगायचं नसेल तर आज नका सांगू.’ या शेवटच्या वाक्यात परवानगी आहे आणि नकाराचा हक्कही आहे. पहिल्या भेटीत त्याने काहीच सांगितले नाही, पण दुसऱ्या भेटीला आला, तर पहिली भेट यशस्वी झाली असे मानावे.

जिवाच्या धोक्याविषयी विचारणे हे या धड्याचे सर्वांत अवघड अंग आहे. आत्महत्येचा विषय काढला तर तो विचार डोक्यात भरेल, ही समजूत चुकीची आहे. थेट आणि शांतपणे विचारल्याने माणसाला आपले ओझे उतरवायला जागा मिळते. माजी सैनिकांपैकी काही जण बँकेत किंवा कारखान्यात परवानाधारक बंदुकीसह पहारेकरी असतात आणि शेतकरी घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. म्हणून संकटाच्या काळात बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात आणि औषधे कुलपात, ही व्यवस्था घरच्यांशी बोलून त्याच दिवशी लावणे शिकवले जाते. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो, हेही कुटुंबाला सांगावे, म्हणजे पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळणार नाही.

७. वीरपत्नी, वीरमाता आणि मुले

सैनिक कुटुंबाच्या दुःखाला एक सार्वजनिक बाजू असते. हुतात्म्याच्या अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटते, शाळेला किंवा चौकाला नाव दिले जाते, आणि त्यानंतर वीरपत्नीच्या रडण्यावरही गावाची नजर राहते. तिने कायम अभिमानानेच बोलावे अशी अपेक्षा असते. त्यातच कुटुंब निवृत्तिवेतन आणि मदतीची रक्कम यांवरून सासर-माहेरची ओढाताण सुरू झाली, तर शोकाला जागाच उरत नाही. मनोपचारकाने तिला अभिमान आणि राग, दुःख आणि सुटकेची इच्छा हे सगळे एकत्र वाटू शकते, हे मोकळेपणाने बोलता येईल असा एकांत मिळवून द्यावा, आणि पैशाच्या कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी तिची गाठ घालून द्यावी.

अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना मांडली. माणूस शरीराने नाही पण मनात जिवंत आहे, किंवा शरीराने घरात आहे पण मनाने हरवलेला आहे, अशा दोन्ही स्थितींत शोक पूर्ण होत नाही. ओसरीवर बसून तासन्‌तास न बोलणाऱ्या निवृत्त जवानाच्या पत्नीचे दुःख या दुसऱ्या प्रकारात मोडते. नवरा समोर असताना आपल्याला विरह का वाटतो, याची तिला लाज वाटत असते. त्या दुःखाला नाव आहे एवढे समजले तरी तिचा अर्धा भार हलका होतो.

८. प्रशिक्षण द्यावे कसे?

हे सगळे एका दिवसाच्या व्याख्यानाने शिकवता येत नाही. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये नागरी मनोपचारकांची पाहणी केली, तेव्हा सैनिकी जीवनाची जाण आणि शास्त्रसिद्ध उपचारपद्धतींचे प्रशिक्षण या सर्व कसोट्यांना उतरणारे अवघे १३ टक्के निघाले. ही अवस्था त्या देशातली आहे, जिथे २००६ पासून अशा प्रशिक्षणासाठी सेंटर फॉर डिप्लॉयमेंट सायकॉलॉजी ही संस्था काम करत आहे. यावरून हे काम किती चिकाटीचे आहे याची कल्पना येते.

आपल्याकडचा आशादायक दाखला गोव्याचा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण दिले, त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवली आणि नैराश्य व घातक मद्यपान या दोन्हींवर थोडक्या भेटींचे संवादोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांतून परिणामकारकपणे देता येतात, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दाखवून दिले. या यशातली मेख देखरेखीत आहे. समुपदेशक आपल्या भेटींची ध्वनिमुद्रणे सहकाऱ्यांसमोर ऐकवत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. शिकणे वर्गात संपत नसे, तर कामासोबत चालू राहत असे.

जालन्यात यासाठी लागणारे बरेचसे दुवे आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात जालन्याचा समावेश असून, त्यात आशा सेविका घरोघरी जाऊन मानसिक त्रासाची लक्षणे विचारतात. त्या विचारपुशीत ‘घरात कोणी फौजेत आहे किंवा होते का?’ हा एकच प्रश्न जोडला, तरी लपलेली घरे उजेडात येतील. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरात लष्करी ठाणे आहे, आणि माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सैन्यदलातील लोकांसाठी टेलिमानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा विशेष कक्ष सुरू झाला. नागरिकांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

या दुव्यांवर उभी राहणारी रचना तीन पायऱ्यांची असू शकते. पहिल्या पायरीवर आशा सेविका, परिचारिका आणि सैनिक कल्याण कार्यालयातील कर्मचारी यांनी ओळखणे, ऐकणे आणि पुढे पाठवणे शिकावे. दुसऱ्या पायरीवर सामाजिक कार्यकर्ते आणि समुपदेशक यांनी कुटुंबाची बैठक, दारूवरील थोडक्या भेटींचा उपचार, जिवाच्या धोक्याची चौकशी आणि कायद्याची माहिती आत्मसात करावी. तिसऱ्या पायरीवर मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी आघाताच्या आठवणींना सुरक्षितपणे सामोरे नेण्याच्या शास्त्रसिद्ध पद्धती शिकाव्यात आणि खालच्या दोन पायऱ्यांवर देखरेख ठेवावी. तिन्ही पायऱ्यांवर शिक्षकांमध्ये माजी सैनिक आणि वीरपत्नी असल्याच पाहिजेत, कारण पलटणीची घडी आणि रजेच्या शेवटच्या रात्रीचे घर त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही.

९. पुढच्या काळाची तयारी

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हा विषय अधिक निकडीचा केला आहे. मूळ घोषणेनुसार साडेसतरा ते एकवीस या वयात भरती झालेले अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, पण निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचा दर्जा आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना मिळत नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. पलटणीची शिस्त अंगी बाणलेला, निवड न झाल्याची सल बाळगणारा आणि माजी सैनिकांच्या यादीत नाव नसलेला पंचविशीच्या आतला तरुण घनसावंगीच्या किंवा जाफराबादच्या दवाखान्यात येईल, तेव्हा लष्करी आरोग्यव्यवस्था त्याच्यामागे उभी नसेल. त्याची सारी भिस्त जिल्ह्याच्या नागरी मनोपचारकावर असेल.

म्हणून हे प्रशिक्षण म्हणजे सैनिकांना दिलेली खास सवलत आहे असे समजणे चुकीचे ठरेल. ती जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्यसेवेची मूलभूत गरज आहे, आणि ती भागवायला प्रचंड इमारती किंवा शेकडो नवे तज्ज्ञ लागत नाहीत. आज कामावर असलेल्या माणसांना फौजीचे घर समजावून सांगणारे शिक्षक, महिन्यातून एकदा त्यांच्या कामाची उजळणी घेणारे तज्ज्ञ आणि सैनिक कल्याण कार्यालय व जिल्हा रुग्णालय यांच्यातील नियमित देवाणघेवाण, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. ज्या घराने देशाच्या रक्षणासाठी आपला माणूस वर्षानुवर्षे दूर ठेवला, त्या घराला मनाच्या उपचारासाठी तरी आपल्याच तालुक्यात, आपल्याच भाषेत आणि आपले जगणे जाणणारा माणूस मिळावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि जालन्यासारख्या जिल्ह्याला ती पूर्ण करता येण्याजोगीही आहे.